रश्श्याचे बिल: छोट्या प्लेट्सच्या एका शाकाहारी हॉटेलातील एकसष्टीचे जेवण

हे प्रकरण कोल्हापुरातील एका नव्या धर्तीच्या शाकाहारी हॉटेलात श्रावणातल्या एका शनिवारी संध्याकाळी घडले. हॉटेल आणि कुटुंब या दोघांचीही ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. मी त्या संध्याकाळी तेथे हजर नव्हतो. या हॉटेलाचा महिन्याचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि वाद झाल्यावर तिसऱ्या दिवशी मालकिणीने ते बिल व त्या टेबलाच्या सगळ्या केओटी (ऑर्डर स्वयंपाकघरात कळवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) माझ्यापुढे ठेवून "यात आमचं नेमकं कुठं चुकलं ते बघा" असे सांगितले. त्यानंतर मी कॅप्टन, दोन वेटर, आचारी आणि नंतर त्या कुटुंबातील सूनबाई यांच्याशी बोललो. पुढील हकिगत त्या बोलण्यावर आणि केओटीवर छापलेल्या वेळांवर उभी आहे.

पार्श्वभूमी

हॉटेल ताराबाई पार्कातील एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. चाळीस खुर्च्या, स्वयंपाकघरात तीन माणसे, बाहेर एक कॅप्टन आणि चार वेटर. बहीण-भाऊ दोघे मिळून ते चालवतात. बहिणीने मुंबई आणि बंगळुरू येथील हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काही वर्षे काम केले असून पदार्थांची सगळी जबाबदारी तिची आहे. भाऊ गल्ला, खरेदी आणि माणसे सांभाळतो. बोलण्याच्या सोयीसाठी यापुढे त्यांना मालकीण आणि भाऊ असेच म्हणतो.

छोट्या प्लेट्सची पद्धत मूळची आपली नव्हे. स्पेनमधील तापास आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील मेझे हे तिचे जुने नमुने. त्यावरून मोठ्या शहरांतील हॉटेलांनी ती उचलली. हिच्यात स्टार्टर, भाजी, रोटी, भात असा क्रम नसतो. प्रत्येक पदार्थ तीन-चार घासांचा, प्लेट टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी वाटून घ्यायची. यातला सर्वांत महत्त्वाचा, आणि गिऱ्हाइकाच्या सहसा लक्षात न येणारा नियम असा की जो पदार्थ आधी तयार होईल तो आधी बाहेर जातो. तीन माणसांच्या स्वयंपाकघराला हा नियम वरदानासारखा असतो, कारण कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही, तव्यावरचे तव्यावरून आणि भट्टीतले भट्टीतून थेट टेबलावर जाते.

मालकिणीने या साच्यात इथलेच पदार्थ बसवले होते, आणि ते काम तिने मनापासून केले होते असे माझे मत आहे. कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत ज्वारीच्या भाकरीच्या कुरकुरीत तुकड्यांवर, एका प्लेटमध्ये चार तुकडे. भडंगाची चाट. कच्च्या केळ्याचे कबाब. लोण्यात परतलेला खर्डा आणि सोबत भाजलेला पाव. शेवटी आजरा घनसाळ तांदळाची गुळातली खीर. आणि सगळ्यांत बोलबाला झालेला पदार्थ म्हणजे शाकाहारी पांढरा रस्सा: मटणाच्या अळणीऐवजी, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याऐवजी, मशरूम आणि भाज्यांचे पाणी, त्यात काजू, खसखस, तीळ, नारळाचे दूध, आले-लसूण. तो काचेच्या छोट्या पेल्यांतून, साधारण ६० मिलिलिटर एका पेल्यात, चार पेल्यांची एक प्लेट २४० रुपयांना मिळत असे.

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला तांबडा-पांढरा आठवतो. पण या गावात वार पाळणारी घरे पुष्कळ आहेत, श्रावणात मटणाच्या हॉटेलांतली गर्दी लक्षात येण्याइतकी ओसरते, आणि शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात जैन समाज मोठा आहे. त्यामुळे शाकाहारी हॉटेलाचा हिशेब चुकीचा नव्हता. मालकिणीने शाकाहाराच्या बाबतीत काटेकोरपणाही ठेवला होता. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पाचक घटक, वापरून बनते, म्हणून ते मेन्यूतून पहिल्यापासून वगळले होते आणि जे चीज वापरात होते ते हिरव्या ठिपक्याचेच होते. मेन्यूतील अठरापैकी पाच पदार्थांपुढे "जैन पद्धतीने मिळेल" असे छापलेले होते. हे तीन शब्द पुढे फार महाग पडले.

पार्श्वभूमीत आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती कोठल्याही मेन्यूवर लिहिलेली नसते. आमच्याकडे मटणाच्या थाळीबरोबर रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो आणि मिसळीबरोबर कट मागितला की मिळतो. रस्सा मोजायचा नसतो. त्याची वाटी रिकामी दिसली तर ती भरणे हे वाढणाऱ्याचे काम, खाणाऱ्याने मागावे लागणे हीच मुळात कमीपणाची बाब.

त्या संध्याकाळी काय घडले

कुटुंब मंगळवार पेठेतले. आबांची एकसष्टी होती. घरचे सहा जण, म्हणजे आबा, आई, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे. त्याशिवाय मुलगी, जावई आणि जावयाचे आई-वडील, असे एकूण दहा. मुलगी जैन घरात दिलेली. व्याही कंदमूळ खात नाहीत, आणि विहीणबाई चातुर्मासात सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, पाणीही नाही. एकसष्टीचे जेवण मटणाचे व्हावे असा मुलाचा आग्रह आबांनीच मोडून काढला होता; व्याह्यांना सगळे खाता आले पाहिजे, म्हणून हे हॉटेल ठरले.

सूनबाईंनी दोन दिवस आधी फोन करून टेबल राखून ठेवले. त्यांच्या सांगण्यानुसार त्या म्हणाल्या होत्या, "सहाला येतो, दहा जण आहोत, लवकर जेवायचंय आम्हाला." हॉटेलच्या वहीत नोंद आहे ती अशी: ६ वा., १० जण, वाढदिवस. "लवकर" हा शब्द फोन आणि वही यांच्यामध्ये कोठेतरी गळला.

मंडळी सहाला दहा मिनिटे असतानाच आली. सहा वाजता हॉटेल उघडते खरे, पण कोल्हापुरात त्या वेळी रात्रीचे जेवायला कोणी येत नाही, त्यामुळे भट्टी सव्वासहाच्या सुमारास तापते आणि एक आचारी तोवर भाजी चिरत असतो. कॅप्टनने ६:१२ ला मेन्यू समजावून सांगितला: छोट्या प्लेट्स आहेत, माणशी दोन धरा, सगळ्यांनी वाटून खायच्या, जशा होतील तशा येतील. आबांनी विचारले, "आधी ताटं मांडा की." कॅप्टनला तो विनोद वाटला. आबा खरेच ताटांबद्दल बोलत होते.

एकवीस प्लेट्सची ऑर्डर ६:२५ ला एकाच केओटीवर आत गेली. त्यातल्या पाच प्लेट्सपुढे बारीक अक्षरात "जैन" छापलेले होते. पहिली प्लेट ६:३४ ला बाहेर आली, ती भडंगाची. वरून कच्चा कांदा पेरलेला. मग भरीत, मग खर्डा, मग रश्श्याच्या दोन प्लेट्स. म्हणजे सुरुवातीच्या वीस मिनिटांत जे जे टेबलावर आले त्यात व्याह्यांना चालेल असे काहीही नव्हते.

येथे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण सूनबाईंनी याच प्रसंगाचे वर्णन माझ्याकडे दोनदा केले. भरिताची प्लेट मधोमध आली. चार तुकडे, माणसे दहा. आबांनी प्लेट आधी व्याह्यांकडे सरकवली, पाहुण्यांनी घ्यावे म्हणून. व्याह्यांनी हात जोडून "तुमचं चालू दे" म्हटले आणि प्लेट परत आबांकडे सरकवली. पाहुण्यांच्या पुढ्यात काही नसताना यजमानाने घास घ्यायचा कसा, म्हणून आबांनी ती नातवंडांकडे ढकलली. नातवंडांना आईने डोळे दाखवले. प्लेट टेबलाची फेरी मारून मधोमध येऊन थांबली, भाकरीचे कुरकुरीत तुकडे भरिताच्या ओलाव्याने मऊ पडले, आणि वेटरने येऊन विचारले की आवडलं नाही का.

६:५० ला सूनबाई उठून काउंटरपाशी गेल्या आणि जैन पदार्थांचे विचारले. कॅप्टन म्हणाला, "पाचच मिनिटं, वहिनी." पहिली जैन प्लेट, कच्च्या केळ्याच्या कबाबांची, ६:५४ ला आली. त्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास मावळत होता. विहीणबाईंनी दोन कबाब खाल्ले, पाणी प्यायल्या आणि रुमालाला हात पुसून पाण्याचा ग्लास पालथा ठेवला. दुसरी जैन प्लेट ७:०८ ला आली, आणि त्यानंतर आणखी तीन. त्या व्याही आणि जावई यांनी खाल्ल्या. विहीणबाई पाऊण तास हसतमुखाने सगळ्यांशी बोलत बसल्या होत्या, असे कॅप्टन सांगतो. त्यामुळे त्याला काही बिघडल्याची शंकाही आली नाही.

साडेसातच्या सुमारास आबांच्या मुलाने रिकामा पेला वर करून वेटरला रस्सा आणायला सांगितले. वेटर गडहिंग्लजकडचा, तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेला. केओटीशिवाय आचारी चमचाभरही काही देत नाही, म्हणून त्याने रीतसर केओटी टाकली आणि चार पेल्यांची एक प्लेट आणून दिली. हे बिलात लागेल, असे तो बोलला नाही. मुलाने विचारलेही नाही.

बिल आले ६,२०६ रुपयांचे: एकवीस प्लेट्सचे ५,६७०, नंतरच्या रश्श्याचे २४०, आणि त्यावर पाच टक्के जीएसटी. आबांनी चष्मा लावून बिल वाचले आणि गल्ल्यापाशी जाऊन विचारले, "रश्श्याचं बिल लावताय व्हय?" भावाने मेन्यू उघडून दाखवला, रस्सा चार पेले, किंमत २४०. ते बरोबरच होते. आबा पुढे एक शब्दही बोलले नाहीत. पाचशेच्या तेरा नोटा त्यांनी बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि उरलेले २९४ रुपये न घेता ते बाहेर पडले. मुलगा मात्र दारात थांबून, आत बसलेल्या इतर टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात, जे बोलायचे ते बोलला. त्याचा सारांश असा होता की घासाघासाचे पैसे घेणारे हे कसले कोल्हापूरचे हॉटेल.

अडचण नेमकी कोठे होती

भावाचे पहिले निदान सरळ होते: गिऱ्हाइकाला रस्सा फुकट हवा होता. त्याचा ताठा समजण्यासारखा आहे. हॉटेलला पाच टक्के जीएसटी लागतो, पण त्या दरात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. बंगल्याच्या भाड्यावरचा अठरा टक्के कर हा त्याच्यासाठी शुद्ध खर्च असतो. खसखस आणि काजू घातलेल्या रश्श्याच्या एका पेल्याला त्यांच्या हिशेबाने अकरा रुपयांचा कच्चा माल लागतो. जो माणूस दर महिन्याला हे आकडे पाहतो, त्याला "एवढा रस्सा काय मोजता" हे वाक्य झोंबणारच.

पण हे निदान बिलाशी जुळत नव्हते. वादातली रक्कम करासह २५२ रुपये होती आणि आबा २९४ रुपये मागे ठेवून गेले होते. ज्याला पैसे वाचवायचे असतात तो वादाच्या रकमेपेक्षा जास्त टेबलावर सोडत नाही. भावाने त्या पैशांना टीप समजून ते वेटरांच्या बरणीत टाकले होते. ती टीप नव्हती. तुमचे काहीही आमच्याकडे बाकी ठेवायचे नाही, असे सांगण्याची ती रीत होती, आणि ती या गावात सगळ्यांना कळते.

मालकीण सोमवारी सकाळी आबांच्या घरी गेली, ते योग्यच केले. सोबत तिने २५२ आणि २९४ रुपयांची दोन पाकिटे नेली होती. आबांनी चहा पाजला, तिचे वडील कोठले वगैरे चौकशी केली, आणि पाकिटे परत दिली. "रस्सा खाल्लाय आम्ही, त्याचे पैसे कशाला परत घ्यायचे? आणि ते दुसरं पोरांचं." हॉटेलाविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या सूनबाईंनी खरी गोष्ट सांगितली: "रश्श्याचं काही नव्हतं ओ. विहीणबाई उपाशी गेल्या आमच्या एकसष्टीतनं."

तेथून मागे केओटी वाचत गेल्यावर स्वयंपाकघरातील कारण उघड झाले. लाल ग्रेव्ही आणि वाटणे सकाळीच तयार होतात आणि त्यात कांदा, लसूण, आले असते. म्हणून नेहमीची प्लेट म्हणजे तयार ग्रेव्ही, वरची सजावट आणि पाच-सहा मिनिटे. जैन प्लेट मात्र शून्यापासून: वेगळा तवा, वेगळा चमचा, ताजे टोमॅटो आटवणे, बटाट्याऐवजी कच्चे केळे उकडणे. तिला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आता यावर "जे आधी होईल ते आधी जाईल" हा नियम लावला की निकाल आधीच ठरलेला असतो. मेन्यूवर ज्यांच्यासाठी खास सोय छापली आहे, त्यांचेच ताट प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी येणार. कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि नियमांच्या बेरजेतून पाहुणी उपाशी राहिली.

यात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट खिरीची आहे. घनसाळची खीर दुपारीच करून फ्रीजमध्ये ठेवलेली होती. तांदूळ, दूध, गूळ, वेलची. त्यात विहीणबाईंना न चालणारे काहीच नव्हते आणि ती ६:१५ लाही देता आली असती. पण ती मेन्यूच्या शेवटच्या रकान्यात, "गोड" या मथळ्याखाली होती, म्हणून पावणेआठला आली. आपल्या ताटात गोड पहिल्यापासून वाढलेले असते. परदेशी पद्धतीत ते शेवटी असते. ज्या हॉटेलाने पदार्थ इथले घेतले, त्याने वाढण्याचा क्रम तिकडचा घेतला, आणि त्या क्रमाने एक तयार पदार्थ दीड तास फ्रीजमध्ये अडकवून ठेवला.

समोर असलेले पर्याय

मालकिणीने बरेच पर्याय कागदावर मांडले होते. मी ते सगळे येथे देत नाही. ज्यांवर खरी चर्चा झाली तेवढेच घेतो.

थाळी सुरू करावी, हा भावाचा पर्याय होता. त्याने वाद मिटले असते यात शंका नाही. दहा ताटे एकदम मांडली, जैन ताटे वेगळी, प्रश्न संपला. परंतु मग ताराबाई पार्कातील भाडे देऊन, शहरात आधीच चांगली चालणाऱ्या थाळीच्या हॉटेलांशी स्पर्धा करायची, आणि तेही जिची कला छोट्या घासात आहे अशा स्वयंपाकिणीने. मालकीण याला तयार नव्हती, आणि आकडे पाहता मीही नव्हतो.

बिलात पाच टक्के सेवा शुल्क लावून त्यातून रश्श्यासारख्या गोष्टी मोकळ्या हाताने द्याव्यात, अशी एक सूचना बाहेरून आली होती. ती मी लगेच बाजूला केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. शिवाय ज्या आबांना रश्श्याची ओळ बोचली, त्यांना सेवेची ओळ गोड लागली असती असे मानायला काही आधार नव्हता.

सहापेक्षा जास्त माणसांचे टेबल घ्यायचेच नाही, हा पर्याय मोठ्या शहरांतील काही हॉटेले वापरतात. दोघा-चौघांच्या टेबलावर छोट्या प्लेट्स उत्तम चालतात, हे खरेच आहे. चार तुकडे चार माणसांना पुरतात आणि प्लेटची फेरी होत नाही. पण कोल्हापुरात बाहेर जेवायला माणसे कुटुंबाने जातात. साखरपुडा, एकसष्टी, पोराचा निकाल अशी टेबले नाकारली तर शनिवार-रविवारचा धंदा निम्मा होईल.

शेवटी चर्चा स्वयंपाकघराच्या क्रमावर येऊन ठेपली, आणि खरा मतभेद तेथेच झाला. मालकिणीचे म्हणणे, जैन ग्रेव्ही रोज वेगळी करून ठेवू. भावाचे म्हणणे, ज्या दिवशी जैन ऑर्डर येणार नाही त्या दिवशी ती ओतून द्यावी लागेल. तीन माणसांत चौथी हंडी कोण सांभाळणार? दोघेही बरोबर होते. तोडगा आचाऱ्याकडून आला. त्याने सुचवले की मूळ ग्रेव्हीच कांदा-लसणाविना करायची, टोमॅटो, काजू आणि मगज घालून. आणि इतरांसाठी कांदा-आले-लसणाचे परतलेले वाटण शेवटी तव्यावर मिसळायचे. आजवर जैन पदार्थ म्हणजे नेहमीच्या पदार्थातून काही वजा करणे होते, आता नेहमीचा पदार्थ म्हणजे मूळ पदार्थात भर घालणे झाले. हंडी एकच राहिली.

काय केले

हा बदल बसायला तीन आठवडे लागले. कांदा ग्रेव्हीबरोबर तासभर शिजतो तेव्हा येणारी गोडी शेवटी घातलेल्या वाटणातून येत नाही, आणि नेहमीच्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी "फिक्कं झालंय" असे स्पष्ट सांगितले. वाटण अधिक वेळ, तेल सुटेपर्यंत परतून ठेवायला सुरुवात केल्यावर तक्रार थांबली.

सहापेक्षा अधिक माणसांच्या टेबलासाठी "होईल तशी प्लेट" हा नियम रद्द झाला. आता ऑर्डर तीन फेऱ्यांत आत जाते. पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या पुढ्यात, कंदमूळ न खाणाऱ्यांच्याही, एकाच वेळी काहीतरी आले पाहिजे, अशी कॅप्टनवर सक्ती आहे. त्यासाठी आचाऱ्याला तयार प्लेट दोन-चार मिनिटे रोखून धरावी लागते, आणि त्याला ते अजूनही आवडत नाही. खीर कोणत्याही फेरीत मागता येते. तुकड्यांचे पदार्थ माणसांच्या संख्येइतके नग करून मिळतात.

रश्श्याबाबत मालकिणीने भावाचे ऐकले नाही. पेल्यांची प्लेट तीच राहिली, दर २४० वरून २८० झाला, आणि वेटर पितळी किटली घेऊन टेबलामागून फिरतो. पेला रिकामा दिसला की न विचारता भरतो. नव्या वेटरला कोणीही रागावले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. त्याने केओटी टाकली नसती तर त्याच्या पगारातून पैसे कापले गेले असते. नियम असा असताना त्याने दुसरे काय करायचे होते?

परिणाम

रश्श्याच्या कच्च्या मालाचा खर्च पहिल्या दोन महिन्यांत जवळपास दुप्पट झाला आणि वाढवलेल्या दरातून त्याचा काही भागच निघाला. तिसऱ्या महिन्यापासून तो उतरला. माझा अंदाज असा की पेला भरला जाणारच आहे याची खात्री पटल्यावर माणसे हात आडवा धरू लागतात. पण हे अंदाजापलीकडे सिद्ध करण्याइतक्या नोंदी माझ्याकडे नाहीत. मोठे टेबल आता पूर्वीपेक्षा वीसेक मिनिटे जास्त वेळ अडते, म्हणून शनिवारी रात्री एखादे टेबल कमी फिरते. हा तोटा खरा आहे आणि भाऊ तो दर महिन्याला माझ्याकडे बोलून दाखवतो.

नगावर पदार्थ देण्याची कल्पना मात्र फसली. सात माणसांच्या टेबलावर चार नगांची प्लेट आणि वर तीन नग यांचा दर काय, यावर वेटर आणि गिऱ्हाईक दोघेही गोंधळतात. बिलावर विचित्र आकडे येतात. सध्या कॅप्टन ऑर्डर घेतानाच तोंडी हिशेब सांगतो, पण हा काही तोडगा नव्हे.

सूनबाई दिवाळीनंतर मैत्रिणींबरोबर एकदा येऊन गेल्या. आबा पुन्हा आले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाच्या चार जागा मला दिसतात: फोन, ऑर्डर, ६:५० ची चौकशी आणि गल्ला. चर्चा होते ती नेहमी गल्ल्याची, कारण आवाज तेथे चढतो. पण गल्ल्यावर भावाने २४० रुपये वजा केले असते तरी आबा तितकेच दुखावलेले बाहेर पडले असते. फार तर मुलगा दारात थांबला नसता. ऑर्डर घेताना कॅप्टनने एकवीस प्लेट्सच्या एका केओटीऐवजी पाच जैन प्लेट्सची केओटी दहा मिनिटे आधी टाकली असती, तर बाकी सगळी व्यवस्था जशी होती तशी ठेवूनही निभावले असते. ६:५० ला "पाचच मिनिटं" म्हणण्याऐवजी त्याने "घाई कशाची आहे, वहिनी?" एवढे विचारले असते, तरी खीर फ्रीजबाहेर आली असती. दहा मिनिटे हातात होती. कॅप्टन मुलगा हुशार आहे. त्याला सूर्यास्ताची गोष्ट ठाऊक नव्हती असेही नाही, त्याच्या डोक्यात ती त्या टेबलाशी जोडली गेली नाही इतकेच.

कुटुंबाकडूनही एक गोष्ट राहून गेली. "लवकर जेवायचंय" यात सूनबाईंना सगळे सांगितल्यासारखे वाटले, आणि पाहुण्यांचे नियम हॉटेलवाल्याला फोडून सांगणे त्यांना बरे वाटले नाही. हे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच विचारण्याचे काम हॉटेलकडे येते.

ते कसे विचारायचे यावर मात्र दोनदा चूक झाली. सुरुवातीला फोनवर "सूर्यास्ताआधी जेवणारं कोणी आहे का?" असे विचारले जाई. पंधरा दिवसांतच एका गिऱ्हाइकाने "आमच्या घरात काय चालतं याची चौकशी तुम्हाला कशाला?" असे सुनावले. मग काही दिवस प्रश्नच बंद झाला, आणि भाद्रपदात विहीणबाईंसारखाच प्रसंग एका आजोबांवर येता येता राहिला. आता टेबलांच्या वहीत वेळ, माणसे आणि कारण या रकान्यांपुढे चौथा रकाना आखलेला आहे, आणि फोन घेणारा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: "किती वाजेपर्यंत आटपायचंय?" रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस गाठणारे, लहान मूल झोपवायचे असलेले आणि सूर्यास्त पाळणारे, सगळे त्यात एकाच आकड्याने बसतात, आणि तो आकडा आता केओटीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात छापून आत जातो.